पाण्याचा वाटा : नायगांवची एक फेरी

पुण्याहून सासवडास निघालेल्या प्रवाशास दिवे घाट चढतांना खालीं मस्तानी तलाव दिसतो. पावसाळ्यांत तो पाहून आमच्या घरांतील मुलांनीं अनेकदां टाळ्या पिटल्या आहेत. गेल्या फाल्गुनांत आम्ही गेलों तेव्हां मात्र गाडींत कोणी फारसें बोललें नाहीं. आम्ही सहलीस निघालों नव्हतों. आमच्या एकत्र कुटुंबांत कै. आजोबांच्या नांवें एक लहानशी ठेव आहे. तिचें व्याज दरवर्षीं एखाद्या लोकोपयोगी कार्यास द्यावें असा प्रघात आहे. तो प्रघात मोडावा काय, येथपर्यंत गोष्ट आली होती.

कारण सांगावयास संकोच वाटतो. पण वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं. सहा वर्षांपूर्वीं आमच्या मूळ गांवीं पाणी शुद्ध करण्याचें एक यंत्र आम्हीं बसवून दिलें. फीत कापली, पेढे वाटले, भिंतींत आजोबांच्या नांवाची संगमरवरी पाटी बसविली. दोन वर्षांत आंतील गाळणी बुजली. ती बदलण्याचा खर्च कोणीं करावयाचा, हा प्रश्न ना आम्हीं विचारला होता, ना गांवानें. आज त्या यंत्रावर कोंबड्या बसतात; पाटी मात्र शाबूत आहे. बायकामंडळी पुन्हां जुन्या विहिरीवर जातात. "दान केलें तें केलें, मागें वळून पाहूं नये," असें आमचे तात्या म्हणत. त्यावर माईंनीं एकदांच विचारलें, "अहो, पण तें पाणी कोणाच्या तोंडीं गेलें?" त्या दिवसापासून घरांत हा विषय निघाला कीं तात्या चष्मा पुसूं लागत.

सासवडास सोपानदेवांच्या समाधीचें दर्शन घेतलें, कऱ्हेचें कोरडें पात्र पाहिलें, आणि पूर्वेकडे वळलों. (आम्हीं म्हणतों तें नायगांव पुरंदर तालुक्यांतील, सावित्रीबाई फुले यांचें जन्मगांव तें सातारा जिल्ह्यांतील निराळें.) सह्याद्रीवर मुसळधार कोसळणारे ढग येथवर येतांयेतां रिकामे होतात. माळ, मुरूम, मधूनच बाभळीचें झाड; उन्हानें डोळे दिपतात.

1972 च्या दुष्काळांत याच तालुक्यांत सरकारी कामांवर माणसें खडी फोडीत बसलीं होतीं. पुण्याचे कारखानदार विलासराव साळुंखे यांनीं तें दृश्य पाहिलें. ते पेशानें इंजिनियर. एवढे हात दगड फोडण्यांत खर्चीं पडतात, आणि जो थोडा पाऊस पडतो तो मातीसकट नाल्यांतून निघून जातो, हा हिशेब त्यांना पटेना. त्यांनीं नायगांवची देवस्थानाची सुमारें 40 एकर ओसाड जमीन दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली, आणि पत्नी कल्पनाताई यांच्या साहाय्यानें तेथें काम मांडलें. उतारावर बांध घातले, खालीं पाझर तलाव केला, तलावाच्या पायथ्याशीं विहीर खणली, आणि विहिरींत झिरपलेलें पाणी पंपानें वर चढविलें. 1974 सालीं 'ग्राम गौरव प्रतिष्ठान' ही संस्था स्थापन झाली. आसपासच्या शेतकऱ्यांनीं हिरवा माळ पाहून "आम्हांसही असें करून द्या" म्हटलें, आणि त्यांतून 'पाणी पंचायत' जन्मास आली.

आमचें लक्ष वेधलें तें बांधांनीं नव्हे, पैशाच्या वांटणीनें. योजनेच्या खर्चापैकीं निम्मा भाग सरकारी अनुदानाचा. शेंकडा वीस लाभ घेणाऱ्या शेतकऱ्यांनीं स्वतः उभे करावयाचे. उरलेले तीस प्रतिष्ठानानें बिनव्याजी कर्जाऊ द्यावयाचे. ज्याच्या अंगावर लुगड्याचें ठिगळ, त्याच्याकडून वीस टक्के मागणें प्रथमदर्शनीं निष्ठुर वाटतें. आम्हांसही वाटलें. चिंचेच्या सावलींत भेटलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यास तात्यांनीं तसें विचारलेंही. ते म्हणाले, "दादा, फुकट पाइपाला गळती लागली तर माणूस सरकारची वाट बघतो. आपल्या पैशाच्या पाइपाला रात्रीं कंदील घेऊन जातो." तात्यांनीं पुन्हां चष्मा काढला.

पाण्याचे नियमही असेच चोख. वांटा जमिनीवर नव्हे, घरांतील माणसांवर. माणशीं अर्धा एकर भिजेल एवढें पाणी, आणि कुटुंबास फार तर अडीच एकरांचें. भूमिहीनासही वांटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाहीं. ऊस लावावयाचा नाहीं, कारण एकाचा ऊस दहांची ज्वारी पिऊन टाकतो. पाणी सोडण्यास गटानें नेमलेला पाटकरी. विलासराव 2002 सालीं निवर्तले. सर्वच योजना टिकल्या असें नाहीं. कोठें विजेचें बिल थकलें, कोठें पंप जुना झाला. येथें सर्व सुवर्णमय आहे असें सांगून वाचकांस फसविण्याची आमची इच्छा नाहीं.

दानाचा ओघ आज आटला आहे असेंही नव्हे. 2013 च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांस सरासरी नफ्याचे शेंकडा दोन समाजकार्यास लावणें भाग पडलें असून पर्यावरण व पिण्याचें शुद्ध पाणी हीं त्या यादींत आहेत. परंतु देणाऱ्यांस तलाव, टाकी, यंत्र, म्हणजे जेथें पाटी बसते तें, देणें आवडतें. गाळ काढणें, पाटकऱ्याचा पगार, हिशेबनीसाचें मानधन यांवर पाटी बसत नाहीं. परदेशी देणग्यांच्या कायद्यांत 2020 सालीं बदल होऊन व्यवस्थापनखर्चाची मर्यादा शेंकडा पन्नासावरून वीसावर आली, आणि एका संस्थेनें मिळालेला निधी दुसरीस देण्यास बंदी झाली. उधळपट्टीस आळा घालण्याचा हेतु आम्हांस मान्य आहे. पण खेड्यांतील लहान मंडळास मोठ्या संस्थेच्या ओंजळीनें जें पाणी मिळे, तें त्यामुळें तुटलें.

परतीच्या वाटेवर तात्या म्हणाले, "पाटी आपलीच चूक." घाट उतरेपर्यंत आम्हीं हिशेब केला. दुसऱ्या दिवशीं गांवच्या सरपंचांस पत्र गेलें: गाळणीच्या किंमतीचा निम्मा भाग आम्ही देऊं; वीस टक्के गांवानें घरटी वर्गणीनें जमवावे; उरलेले आम्ही बिनव्याजी देऊं, ते सावकाश फेडावे; आणि पुढील गाळणीसाठीं दरमहा घरामागें कांहीं रक्कम टपाल कचेरींत साठवावी. पाटी काढून टाकली तरी चालेल, अशी ओळ माईंनीं स्वतः घातली.

उत्तर यावयास पांच आठवडे लागले. वरच्या आळीनें वर्गणी दिली आहे. खालच्या आळीचें म्हणणें असें, कीं विहीर आमच्या आळींत, तेव्हां आम्हांस यंत्र कशास पाहिजे? अक्षय्यतृतीयेस तात्या व माई गांवीं जाणार आहेत. पैसे तोंवर कपाटांत बाजूस काढून ठेविले आहेत.