अनोळखी देवाचं गाणं

मी देव मानत नाही, आणि मला आवडणाऱ्या गाण्यांपैकी निम्म्याहून जास्त गाणी देवाची आहेत. यवतमाळात वाढलेल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. आमच्याकडे खंजिरीचं भजन कानावर न पडता कुणी मोठं होत नाही, आणि तुकडोजी महाराजांची पदं पाठ व्हायला कुणाला गुरुकुंज मोझरीला जावं लागत नाही. ती पदं मला शब्दांसकट आवडतात. ‘मला फक्त चाल आवडते’ हे म्हणणं मला पटत नाही. पदातला देव काढून घेतला, तर गाणाऱ्याचा आवाज इतका वर का चढतो याला काही कारणच उरणार नाही.

मग ख्रिस्ताचं नाव आलं की रॉक ऐकणारा का बिचकतो? बॉब डिलनने १९७९मध्ये ‘स्लो ट्रेन कमिंग’ हा उघड ख्रिस्तभक्तीचा अल्बम काढला. त्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरात तो फक्त भक्तीची गाणी गायला, जुनं एकही नाही. काहींनी हुर्यो केली, काही उठून गेले. अल्बमच्या दोन निर्मात्यांपैकी जेरी वेक्सलर ज्यू कुटुंबातला आणि पक्का नास्तिक होता. रे चार्ल्स आणि अरेथा फ्रँकलिन यांची गाणी त्याच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे चर्चमधल्या गाण्याचा जोर काय असतो हे त्याला पुरतं ठाऊक होतं. डिलनची श्रद्धा त्याने स्वीकारली नाही, पण गाण्यात कसर ठेवली नाही. मार्क नॉफ्लरची गिटार त्या अल्बमात ज्या संयमाने वाजते, ती ऐकताना मला आजही त्या सगळ्यांचा आदर वाटतो.

आणि रॉकला ख्रिस्त नवा होता कुठे? सिस्टर रोझेटा थार्प १९४०च्या दशकातच इलेक्ट्रिक गिटार घेऊन येशूची गाणी गात होती, तेव्हा ‘रॉक अँड रोल’ हे नाव लोकांच्या तोंडी बसायचं होतं. एल्विस प्रेस्लीला स्पर्धेतून मिळालेले तिन्ही ग्रॅमी पुरस्कार भक्तिगीतांसाठीच आहेत. उलट चर्चमधली बरीच माणसं याच संगीताला सैतानाचं म्हणत राहिली. म्हणजे घरच्यांनी नाकारलं, बाहेरच्यांनीही नाकारलं.

आमच्या गावात १९५३मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. देशभरातले तरुण इथे धर्मशास्त्र शिकायला येत. १९८३मध्ये ती पुण्याला गेली, पण तिच्याशी नातं असलेली काही घरं इथेच राहिली. तशाच एका घरातून डिलनची ती कॅसेट माझ्याकडे आली. कॉलेजातल्या एका मित्राने दुसऱ्याच गाण्याला ती बंद करायला लावली. ‘हे मिशनवाल्यांचं आहे,’ म्हणाला. तो कधी देवळात जात नसे, एकादशी कधी येते हे त्याला माहीत नसे. पण भीमसेन जोशींचे अभंग तो डोळे मिटून ऐकायचा, आणि मनापासून ऐकायचा. त्याच्या लेखी विठ्ठल काय आणि ख्रिस्त काय, दोघेही अस्तित्वात नव्हते. तरी विठ्ठल त्याला गाण्याचा भाग वाटे आणि ख्रिस्त हा प्रचार वाटे.

मला वाटतं, सगळं इथेच अडतं. ओळखीचा देव आपल्याला गाण्याचा ‘विषय’ वाटतच नाही, तो हवेसारखा असतो. अनोळखी देव मात्र पहिल्या ओळीपासून दिसतो. आपली श्रद्धा संपली तरी कानाला लागलेलं वळण संपत नाही, आणि ते वळण घराने, आळीने, जातीने लावलेलं असतं.

मराठीत याचा पुरावा रेव्हरंड ना. वा. टिळकांएवढा ठळक दुसरा नाही. नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत भेटलेल्या एका युरोपियनाने त्यांना नवा करार दिला. १८९५मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. विलायती चालीतली भाषांतरित गीतं मराठी काळजाला भिडत नाहीत हे ओळखून त्यांनी ख्रिस्त अभंगात आणला, कीर्तनात आणला. अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आपण काय केलं? ‘केवढे हे क्रौर्य’ शाळेत पाठ केली, फुलामुलांचे कवी म्हणून टिळकांना डोक्यावर घेतलं, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा पुन्हा वाचली आणि टिळकांची भक्तिपदं चर्चच्या बाकांवर ठेवून दिली. ती आवडली नाहीत असं नाही. आपण ती ऐकलीच नाहीत. चाल आपली, छंद आपला, भाषा तर इतकी आपली की तुकोबांची आठवण व्हावी. फक्त नाव वेगळं होतं, आणि तेवढं पुरलं. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

ऐकल्यानंतर न आवडणं ही वेगळी गोष्ट आहे. डिलनच्या त्या अल्बमात काही ठिकाणी न मानणाऱ्याला सरळ दुसऱ्या बाजूला उभं केलं आहे. तिथे माझा आनंद उणावतो, आणि उणावला तर त्यात गैर नाही. तिथे मला खुपतो तो निवाडा, ख्रिस्ताचं नाव नव्हे. असा निवाडा कोणत्याही देवाच्या नावाने आला तरी मी दोन पावलं मागे सरकेन. रागावलेलं गाणं मात्र मला चालतं. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना फैलावर घेत, तरी माणसं हटत नसत, कारण बाबा त्यांच्यातलेच होते.

यू-टू या बँडचं ‘४०’ हे १९८३चं गाणं बायबलमधल्या चाळिसाव्या स्तोत्रावर उभं आहे. कित्येक मैफली याच गाण्याने संपत. वादक एकेक करून मंच सोडून जात आणि श्रोते ते गातच राहत. त्या गर्दीत चर्चला न जाणारे किती असतील! त्या गाण्यातल्यासारखं देवाला ‘अजून किती काळ’ म्हणून विचारणं हे पंढरीच्या वाटेवरच्या माणसालाही समजतं, आणि कपाशीला पाऊस नसताना आभाळाकडे बघणाऱ्या आमच्या शेतकऱ्यालाही.

आमच्या जिल्ह्यात गावोगावी खंजिरी भजनाच्या स्पर्धा होतात. सामुदायिक प्रार्थनेत सगळ्या धर्मांना जागा देणाऱ्या तुकडोजी महाराजांचे हे मंडप. पुढच्या स्पर्धेत एखाद्या मंडळाने टिळकांचा एक अभंग घ्यावा, ख्रिस्ताचं नाव न गाळता, आणि परीक्षकांनी त्याला ताल-सुराचे जे गुण होतील ते द्यावेत. आमच्या वॉर्डातल्या मंडळाला मी हे सांगितलं आहे. पेटीवाला म्हणाला, आधी पद आणून द्या, चाल बसते का बघू.