राहिलेला चेहरा

आदिपुराणातली नीलांजना ऋषभदेवांच्या दरबारात नाचता नाचताच आयुष्य संपून दिसेनाशी होते. इंद्र क्षणात तिच्या जागी दुसरी उभी करतो. कुणाला कळत नाही. ऋषभदेवांना कळतं, आणि वैराग्य येतं.

लग्नाआधी निपाणीत मी ती जलरंगात काढायला घेतली होती. चेहरा राहिला, कागद ट्रंकेत गेला.

परवा वाचलं, इंग्रज चित्रकार विल्यम ब्लेकनं साठी ओलांडल्यावर, १८२४ मध्ये, दांतेच्या महाकाव्यावर जलरंगातली चित्रं सुरू केली. १०२ झाली, बरीच अर्धवट. १८२७ मध्ये तो गेला.

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "मग तू कुणाची वाट बघालीस?"

ट्रंक उघडली. कागद पिवळा पडलाय, चेहऱ्याची जागा तशीच कोरी. सूर्यास्ताआधीच्या जेवणाला अजून दोन तास आहेत. जमेल न जमेल, ब्रश भिजवलाय.