गिरणीचा भोंगा

मुंबईच्या गिरणगावात घरोघरी घड्याळ नव्हतं, भोंगा मात्र सगळ्यांचा होता. पहाटे तो पहिल्यांदा ओरडला की लालबाग-परळच्या चाळींत संडासापुढे रांग लागे, स्टोव्ह पेटत. पुन्हा ओरडला की माणसं डबा काखेत मारून जिना उतरत. आपल्या गिरणीचा भोंगा कोणता, हे लहान पोरंही आवाजावरून सांगत.

गळा मोठा, पण कान नाहीत, असा हा गडी. पोर रात्रभर तापाने फणफणलेलं असो की नळाला पाणीच आलेलं नसो, भोंग्याला काही ऐकू येत नसे. शेवटचा भोंगा वाजला, फाटक लागलं की खाडा. फाटकाशी बदली कामगार ताटकळत उभे असत. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, त्यांतल्या एकाला आत घेई, उशिरा आलेल्याचा साचा (माग) त्या दिवशी त्या बदलीकडे जाई. एकाचा खाडा ही दुसऱ्याची रोजी. जॉबरचा हात ओला केलेला असेल, तर मात्र तोच उशीर पोटात घातला जाई. म्हणून उशिराला नीतिमत्तेच्या तराजूत घालणं मला पटत नाही. तो नियमाचा प्रश्न, आणि नियम दोन्ही बाजूंना सारखा हवा.

तसा तो नव्हता. १८८४ मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, तेव्हा काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला थांबवा, असं कामगारच म्हणत होते. ठरलेली वेळ त्यांनाही हवी होती. त्याच यादीत आणखी एक मागणी होती: पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्या. मालकाच्या उशिराला भोंगा नव्हता. पगार कधी व्हावा आणि गैरहजेरीपोटी किती कापावा, याला कायद्याची चौकट मिळाली ती १९३६ साली: हजारापेक्षा कमी कामगार असतील तर पगार ७ तारखेच्या आत, एरवी १० च्या आत, आणि कपात जितका वेळ गैरहजर तितकीच.

पुढे गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. त्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची मोठी सोडत निघाली, तोवर २०१२ उजाडलं. लाखाहून अधिक कामगार आणि वारसांनी अर्ज केले, त्यांतले बहुतेक अजून वाट पाहताहेत. पाच मिनिटं उशीर झाला म्हणून ज्यांचा दिवस बुडाला, तीच ही माणसं.