खिळे, तारा, फायली

खिळे. छापखान्यातले, शिसे, कथिल आणि अँटिमनीच्या ओतकामाचे, टोकावर उलटे अक्षर असलेले. १८८१ साली ‘केसरी’ निघाला, त्या सुमारास खिळ्यांच्या पेट्या टिळकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या खांद्यावरून वाहून नेल्या होत्या. पुढे ऑफसेट आले, संगणक आला, आणि हेच खिळे वितळवायला वजनावर गेले.

जुळारी. अग्रलेखाचा पहिला वाचक हाच. संपादकाचे गिचमिड अक्षर लावायचे, एकेक खिळा चिमटीत धरून ओळ जुळवायच्या स्टिकमध्ये बसवायचा आणि ओळ उलटी वाचायची. इंग्रजीपेक्षा मराठीचा पसारा फार मोठा. वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, साऱ्यांचे कप्पे निराळे. डिग्री टाइपात तर मात्राही अक्षराच्या डोक्यावर वेगळी चढवावी लागे. छपाई झाली की खिळे धुऊन ज्याच्या त्याच्या कप्प्यात परत टाकायचे. आज अग्रलेखात बसलेला ‘स्व’ उद्या बाजारभावात. संपादकाच्या नजरेतून सुटलेली ऱ्हस्वदीर्घाची चूक अनेकदा जुळाऱ्याच्या चिमटीत अडकायची. ती जागा आता रिकामी आहे, आणि हे रोजच्या पानावर दिसते. शिसे त्याच्या अंगात भिनत असे, डोळे जात, पगार तुटपुंजा. ते कष्ट परत यावेत असे कोणीही म्हणू नये. पण साऱ्या गावाची नावे जुळवणाऱ्या या माणसाचे स्वतःचे नाव अंकात क्वचितच आले, याचे मला फार वाईट वाटते.

जस्ताचे ब्लॉक. पुढाऱ्याचा एकच चेहरा वर्षानुवर्षे खणातून निघे, छापला जाई आणि पुन्हा खणात जाई.

बातमीची तार. शब्दागणिक पैसे, म्हणून वाक्यातले जेवढे गाळता येईल तेवढे गाळलेले. त्या तुटक इंग्रजीतून रात्रपाळीचा उपसंपादक सरळ मराठी बातमी उभी करायचा. टेलिप्रिंटरच्या लांबलचक कागदावरही हेच काम. जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवाच बंद झाली.

डाक आवृत्ती. संध्याकाळीच छापून, उद्याची तारीख घालून एसटीने आणि रेल्वेने लांबच्या गावी जाणारी. रात्री उशिरा घडलेले तिच्यात नसायचे.

वाचनालयातला उतरता बाक, अंक अडकवायची लोखंडी पट्टी, आणि आतल्या पानासाठी शेजारी ताटकळलेला माणूस.

वर्षाच्या बांधीव फायली. यांची काळजी सर्वांत जास्त. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा; तो पिवळा पडतो, कडक होतो, पान उलटताना कडा तुटून हातात येतात. मोठ्या दैनिकांच्या फायली कुठे ना कुठे सापडतील. जिल्ह्याच्या, तालुक्याच्या साप्ताहिकांचे तसे नाही. त्यांचा एखादाच संच, तोही बहुधा संपादकाच्या घरी, माळ्यावर. घर बदलताना तो रद्दीत गेला, तर त्या तालुक्यातल्या दुष्काळाची, संपाची, नगरपालिकेच्या भांडणांची इतकी तपशीलवार नोंद पुन्हा मिळणे कठीण.