‘क्लासिक’ शब्दाचे कूळ

परभाषेतील शब्दास स्वभाषेत प्रतिशब्द मिळाला की त्याचा अर्थही हाती आला, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु पुष्कळदा प्रतिशब्द जुन्या शंकेचे निरसन न करता आपल्याबरोबर नवी शंका घेऊन येतो. इंग्रजीतील ‘क्लासिक’ या शब्दाविषयी आमचा अनुभव असाच आहे.

बीड जिल्ह्यातील नेकनूर येथे आप्तांच्या घरी मुक्कामास असता आमच्या भाचीने आम्हांस या शब्दाचा अर्थ विचारला. सदऱ्याच्या चिठ्ठीवर क्लासिक, बिस्किटांच्या पुड्यावर क्लासिक आणि इंग्रजीच्या पुस्तकातही क्लासिक. तेव्हा समजावे तरी काय, ही तिची अडचण. आम्ही ‘अभिजात’ असे उत्तर दिले आणि अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला, अशी फोडही करून सांगितली. त्यावर ती म्हणाली, “पण मामा, पुस्तकाला कूळ असतं का?”

प्रश्न पोरकट नव्हे. मूळ लॅटिन शब्दही अशाच मानपानातून आलेला आहे. प्राचीन रोममध्ये मालमत्तेवरून नागरिकांचे वर्ग पाडीत आणि पहिल्या वर्गातील लोकांस ‘क्लासिकस’ म्हणत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलियसच्या ग्रंथात हे विशेषण लेखकास लाविलेले आढळते. रोमनांनी लेखकाच्या थोरवीसाठी धनाचा शब्द घेतला, आपण जन्माचा घेतला, एवढाच भेद.

आता ही मापे आपल्या वाङ्मयास लावून पाहावी. बीड जिल्ह्यातच अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेप्रमाणे शके १११० चा, म्हणजे इसवी सन ११८८ चा. ब्रह्मविद्या संस्कृतातच शोभते, अशी विद्वानांची समजूत असता त्यांनी मराठी पत्करली. जनाबाई तर नामदेवांच्या घरची दासी; चोखोबांस देवळाच्या आत मज्जाव. धनाच्या वा कुळाच्या मापाने या दोघांपैकी कोणीही पहिल्या वर्गात बसत नाही. तरी त्यांचे अभंग सुमारे सातशे वर्षे लोकांच्या मुखी आहेत.

तेव्हा या शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीत न शोधता वापरात शोधावा. ज्या ग्रंथाकडे नवी पिढी आपण होऊन वळते आणि ज्यातून तिला आपल्यापुरते काही लाभते, तो क्लासिक. नुसते जुनेपण त्यास पुरत नाही. प्राचीन भाषा व परंपरा यांसाठी इंग्रजीत ‘क्लासिकल’ हा निराळा शब्द आहे. मराठीत मात्र दोहोंसही ‘अभिजात’ हाच एक. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तो या दुसऱ्या अर्थाने. त्यायोगे भाषेच्या प्राचीनत्वावर मान्यतेची मोहोर उमटली. तिच्यातील एखादे पुस्तक मात्र तेवढ्याने अभिजात ठरत नाही. ते ठरविण्याचे काम वाचणाऱ्या घरांकडेच राहिले आहे, आणि ज्या घरांत मराठी पुस्तक उघडलेच जात नाही, तेथे कोणताही दर्जा त्यास तारू शकणार नाही.