वरचा दोरा

शिवणयंत्रापुढे बसण्यात माझी चाळीस वर्षे गेली. वसईला आईच्या हातयंत्रावर मी पहिली टीप मारली आणि लग्न होऊन हैदराबादला आले, तेव्हा पायाने चालवायचे ‘उषा’ यंत्र माझ्याबरोबर आले. मुलांची झबली, शेजारणींची पोलकी, वेदीवरची वस्त्रे असे पुष्कळ काही त्यावर शिवून झाले. तेव्हा या वयात शिवणाचा धडा मला कोणी द्यावा, आणि तोही सुनेने, असे माझ्या स्वप्नातही आले नव्हते.

आमच्या नातीचे प्रथम कम्युनियन ईस्टरनंतरच्या रविवारी गनफौंड्रीच्या सेंट जोसेफ कथीड्रलमध्ये व्हायचे होते. निजामाच्या पदरी असलेल्या रेमाँ नावाच्या फ्रेंच सेनानीने १७९५ साली तोफा ओतण्याचा जो कारखाना काढला, त्यावरून त्या वस्तीला हे नाव पडले. जेथे तोफा ओतल्या गेल्या, त्याच वस्तीत आता शुभ्र वस्त्रांतील बालके प्रभूच्या मेजाकडे जातात.

उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात सुनेने आपला लग्नाचा झगा पेटीतून काढून माझ्यापुढे ठेवला. “आई, याचाच फ्रॉक शिवा,” एवढेच ती म्हणाली. पॉलिएस्टर सॅटिनचा तो झगा, वर नायलॉनची जाळी. तिच्या आईने पैसा-पैसा साठवून तो घेतला होता आणि ती माउली आता या जगात नाही. असा झगा कात्रीखाली देणे सोपे नव्हते. आम्हा दोघींचे फारसे जमत नसे, हेही येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ती तेलुगू घरातली, रुग्णालयात परिचारिका. तिचे अवेळी येणे-जाणे मला रुचत नसे आणि माझे बोलणे तिला लागत असे.

कापणे नीट पार पडले. शिवायला बसले मात्र सारे बिनसले. कापड हाताला व यंत्राला चिकटू लागले. जाळी उचलावी तर चटचट आवाज होई. दोऱ्याचे टोक हवेत उडून यंत्राच्या अंगाला बिलगे, वेटोळे होऊन अडके आणि तुटे. पुन्हा दोरा ओवावा, तर चार टाक्यांत कापडाखाली गुंताड्याचा गोळा. मी बॉबिन काढले, पुन्हा भरले, डबीचा स्क्रू आवळला, सैल केला, गुंता तसाच. उसवावे, तर सॅटिनला पडलेली सुईची भोके बुजत नाहीत. तिसऱ्यांदा उसवताना माझा तोल गेला. “असले निर्जीव कापड घेणाऱ्यांना काय म्हणावे!” असे मी मोठ्याने बोलून गेले.

सून नुकतीच कामावरून येऊन दारात उभी होती. तिने सारे ऐकले होते. काही न बोलता ती आत गेली. ती आता झगा परत मागणार, असे मला वाटले. ती आली ती ओला पंचा घेऊन. तो तिने यंत्राजवळच्या खुर्चीवर पसरला आणि पाण्याचे पसरट भांडे खिडकीत ठेवले.

“कापडाचा दोष नाही, आई, हवेचा आहे,” ती म्हणाली. शस्त्रक्रियेसाठी पूर्वी ईथर देत. त्याची वाफ ठिणगीने पेट घेई. म्हणून त्या खोलीत नायलॉनचे कपडे घालून येण्यास मनाई असे, हे तिने वडील परिचारिकांकडून ऐकले होते. घासण्याने वस्तूवर वीज साचते. दमट हवेत वस्तूंवर ओलाव्याचा अदृश्य थर बसतो व त्या वाटेने ती निघून जाते. वसईच्या खाऱ्या वाऱ्यात मला हा त्रास का झाला नाही आणि दक्खनच्या पठारावर मार्चच्या कोरड्या उन्हात का झाला, ते मला तेव्हा उमगले. शिवाय सूत आपल्या वजनाच्या शेकडा सात-आठ भाग ओलावा धरून ठेवते. पॉलिएस्टर अर्धा भागही धरत नाही.

थोड्या वेळाने चिकटणे कमी झाले. खालचा गुंता मात्र सुटेना. तिने यंत्राकडे नीट पाहिले आणि हळूच विचारले, “आई, दोरा ओवताना हा पाय खाली होता का?”

मी गप्प झाले. कापड दाबणारा पाय खाली असला, की वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या तबकड्या मिटलेल्या राहतात. दोरा त्यांच्यामध्ये न शिरता वरून निसटतो, त्याला ताण उरत नाही आणि तो सैल होऊन खाली ओढला जातो. गुंता दिसतो खाली. दोष असतो वर. मी हे जाणत नव्हते असे नाही. पण दोरा तुटत होता तसतशी चिडून, पाय न उचलताच, मी तो ओवीत होते आणि निरपराध बॉबिनला छळीत होते.

पाय उचलून मी दोरा पुन्हा ओवला. अकरा नंबरची नवी सुई लावली आणि दोन्ही दोऱ्यांची टोके मागे धरून पहिले टाके घातले. टीप सरळ, स्वच्छ पडली.

त्या रात्री निजण्यापूर्वी मी सुनेला म्हणाले, “कापडाविषयी बोलले, ते माझे चुकले. तुझ्या आईने कापड चांगलेच घेतले होते.” तिने उत्तर दिले नाही. फक्त खिडकीतले भांडे उचलून त्यात सकाळसाठी ताजे पाणी भरून ठेवले.

घरात काही गुंतले, की आपण खालच्या दोऱ्याला धरतो: मुलांना, सुनांना, शेजाऱ्यांना. त्यापूर्वी वरचा दोरा, म्हणजे आपला स्वतःचा, नीट ओवला आहे की नाही, हे पाहिलेले बरे. फ्रॉक शोभून दिसला. डाव्या काखेखाली, मी उसवले तेथे, बारीक भोकांची एक ओळ राहून गेली आहे. ती फक्त आम्हा दोघींना ठाऊक आहे.