मावशींच्या पाच थैल्या

मेहकरहून पंढरपूर पायी चारशे किलोमीटरच्या आसपास पडतं. सव्विसाव्या वर्षी गावातल्या एका दिंडीबरोबर मी पहिल्यांदा निघालो, तेव्हा कपडे, पांघरूण, टाळ, सगळं बांधून झालं होतं. खाण्याचा विचारच केला नव्हता. दिंडीत दोन वेळचं जेवण मिळतं, मग चिंता कसली?

शेजारच्या मावशींनी एकच विचारलं, "पहाटे चारला निघाल. ट्रक पुढं जाऊन सैपाक होईस्तोवर बारा वाजतील. तवरोक काय खाशील?"

मावशी स्वतः कधी वारीला गेल्या नाहीत. आषाढी आणि पेरणी एकाच वेळी येते; घरचं शेत सोडून त्यांना निघता आलं नाही. पण वडील वारकरी असल्यामुळे दहाव्या वर्षापासून त्यांची शिदोरी बांधली होती मावशींनीच. वडील परत आले की कोणती थैली रिकामी, कोणत्या थैलीत काय उरलं, हे त्या तपासायच्या आणि पुढच्या वर्षी तसा फरक करायच्या.

माझ्यासाठी त्यांनी जुन्या धोतराच्या पाच थैल्या शिवल्या. एकीत सातूचं पीठ. त्यासाठी गहू ओलवून, सडून, वाळवून मंद आचेवर भाजले, त्यात फुटाण्याचं डाळं आणि सुंठ घालून दळलं. दुसरीत भाजलेले शेंगदाणे, तिसरीत गूळ, चौथीत जवसाची चटणी. पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या वेगळ्या. कणीक भिजवताना त्यांनी पाण्याचा थेंब लागू दिला नाही, नुसतं दूध. पाण्यातली पोळी उन्हात लवकर आंबते, म्हणाल्या. पाचव्या थैलीत खडेमीठ.

"भूक लागाची वाट नको पाहू," त्यांनी बजावलं. "दोन कोसाला एक मूठ. आन् मीठ इसरू नको."

मी नेमकं तेच विसरलो. तिसऱ्या दिवशी दुसरबीडच्या पुढं, जून महिन्यातल्या उन्हात, पोटऱ्यांना असे गोळे आले की रस्त्याकडेला बसलो तो उठता येईना. सकाळपासून नुसतं पाणी पीत होतो आणि घामावाटे मीठ गेलं होतं. एका वृद्ध वारकऱ्याने माझीच थैली सोडून तांब्याभर पाण्यात गूळ, चिमूटभर मीठ आणि लिंबू घालून ते घोट घोट पाजलं. अर्ध्या तासाने चालू लागलो. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्यावर कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. लिटरभर पाण्याला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ हे प्रमाणही तेव्हाच कळलं. मावशींना महालनबीसांचं नाव ठाऊक नव्हतं, पण मिठाची थैली त्यांनी वेगळी शिवली होती.

पुढे एकदा कागद घेऊन बसलो. साठ किलोचा माणूस बावीस किलोमीटर चालला तर चालण्यात हजाराच्या आसपास कॅलरी खर्च होतात. पन्नास ग्रॅम शेंगदाणे, तेवढंच सातू आणि गुळाचा मोठा खडा मिळून जवळजवळ सहाशे होतात. चालण्याच्या खर्चातला अर्ध्याहून अधिक वाटा मावशींनी दुपारच्या आतच भागवला होता, तोही मुठीने मोजून. बाकीचं दिंडीच्या भाकरी-पिठल्यावर सुटलं. त्या मुठी नसत्या तर मी जालन्यावरून एसटीने परत आलो असतो. पंढरपूर पाहिलं ते त्यांच्यामुळे.

परत आल्यावर मावशींनी आधी थैल्या मागितल्या. मिठाची जवळजवळ भरलेलीच निघाली. काही बोलल्या नाहीत. माझ्या पोटऱ्यांना कोमट तेल लावलं आणि भात वाढला.

आता त्या नाहीत. शेगावची पालखी पंढरपूरहून परतताना लोणारवरून मेहकरला येते, तेव्हा मी लिंबू, गूळ आणि मिठाच्या पाण्याचं पिंप घेऊन रस्त्यावर उभा असतो. येत्या आषाढीला तुमच्या घरातून कोणी चालत निघणार असेल, तर मिठाची थैली वेगळी शिवून द्या आणि ती रोज उघडायला सांगा.